कोटातली डॉली

क्लाइडबँक, सोमवार

समस्त कबुतरचोरांचे शिरोमणी, माझ्या बायकोचे सख्खे भाऊ आणि दुर्दैवाने माझे शेजारी मॅट्टी ड्रेनन यांस ह्युईचा नमस्कार (साष्टांग नाही, छातीत मावेल तेवढ्या श्वासात वाकवेल इतकाच).

तुझे गुडघे कसे आहेत? काल ढाबळीच्या छपरावर चढताना पाहिलं, त्यावरून ते माझ्यापेक्षा बरे दिसतात. समोरासमोर राहून पत्र कशाला, असं म्हणशील. पण तू तुझी कबुतरमादी दाखवून माझा तांबडा नर तुझ्या ढाबळीत ओढलास आणि खेळाच्या रीतीप्रमाणे ठेवून घेतलास तेव्हापासून आपली बोलचाल बंद आहे, आणि ती मोडायला मी पहिला जाणार नाही. लिहिण्याला कुणी बोलणं म्हणत नाही.

तर ऑपरेशन ठरलं. फुप्फुसाभोवतीच्या अस्तरात ॲस्बेस्टॉसचा कॅन्सर आहे, ते अस्तर सोलून काढायचं आणि फुप्फुस होतं तिथेच ठेवायचं. हयातभर मी बोटींच्या पाइपांना ॲस्बेस्टॉस गुंडाळलं, आता मलाच सोलणार. सर्जन बुकॅननबाईंना मी सल्लाही दिला, की जुनं गुंडाळलेलं कोरडं ओढू नका, आधी भिजवून घ्या. त्यांनी विचारलं, तुमचे पाइप श्वास घेत होते का? मी सल्ला परत घेतला. हे छातीत कसं गेलं असं विचारलं तेव्हा मात्र मी सरळ तुझं नाव सांगितलं. गोदीत जेवणाच्या सुट्टीत ॲस्बेस्टॉसच्या ओल्या लगद्याचे गोळे करून माझ्या टाळक्यात कोण मारायचं? (मीही मारायचो, ते सांगितलं नाही. तू तुझी छाती एकदा दाखवून घे. आपल्याला कुणी काही सांगितलं नव्हतं, याचा मला अजून संताप येतो.)

आता खरी फजिती ऐक, आणि तिला कारण तूच. आज सकाळी तुझा ठिपकेवाला नर माझ्या छपरावर घिरट्या घालत होता, म्हणून त्याला भुलवायला मी माझ्या मादीला, डॉलीला, हातात घेऊन उभा होतो. तेवढ्यात हॉस्पिटलला जायची बस आली. डॉलीला परत ढाबळीत ठेवायला वेळ कुठे होता? घातली कोटाच्या आतल्या खिशात. हॉस्पिटलात कोट माझ्या मागच्या खुंटीला टांगला. बाईंनी विचारलं, घरी पक्षी आहेत का? (पिसांची धूळ फुप्फुसाला वाईट म्हणे.) मी नाही म्हणालो. तुझी बहीण सेंगा आपल्या बुटांकडे बघत राहिली. मग बाईंनी पाठीला नळी लावली, दीर्घ श्वास घ्यायला सांगितलं, आणि मी श्वास घेतला तशी डॉली घुमली. बाईंनी नळी दुसऱ्या बाजूला लावली. डॉली पुन्हा घुमली. त्यांनी नळी कानांतून काढून नीट पाहिली आणि म्हणाल्या, मिस्टर गॅलाकर, तुमची छाती प्रेमात पडलीय. सेंगा घरी येईपर्यंत एवढंच म्हणत होती, की एक माझा भाऊ, एक माझा नवरा, आणि दोघांत मिळून एक मेंदू नाही.

हसून झाल्यावर बाई माझ्याशेजारी बसल्या. ऑपरेशनने रोग जाणार नाही, वेळ मिळेल, तोही मिळाला तर, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. टेबलावरून काहीजण उठतच नाहीत. मी घाबरलोय, मॅट्टी. सेंगाला हे सांगितलेलं नाही.

कळावे. लोभ आपल्यात कधी नव्हताच, तो वाढावा असं काय लिहू.

तुझा मेहुणा,
ह्युई

ता. क. सेंगा म्हणते रविवारी सूप प्यायला ये. मी नसेन, तेव्हा मोकळेपणाने पी.

ता. क. ऑपरेशन गुरुवारी सकाळी आहे. पुढे कित्येक महिने कबुतरांना हात लावायचा नाही, म्हणून बाकीची पेझलीच्या माणसाला दिली. पांढऱ्या गळ्याचा नर, बिशप, तेवढा त्याला दिला नाही. गुरुवारी सेंगा ढाबळीचं दार उघडणार आहे (हवा लागावी म्हणून, असं मी तिला सांगितलंय). तुझी करडी मादी छपरावर ठेव. दारात येऊन त्याला हाताने उचललंस तर याद राख. मी दान करत नाहीये. रीतीने जिंक.

ता. क. त्याला मोठे वाटाणे लागतात, बारीक नाही.

ता. क. डॉली मात्र कुणालाच द्यायची नाही. सेंगा तिला स्वयंपाकघरात ठेवणार आहे. मी परत आल्यावर बिशपला तुझ्याकडून सोडवायला मला तीच लागेल.