मनीषाच्या वेळचे आकडे

सोम. ६ ऑक्टो.
कॉम्प्युटर पुन्हा अडकला. प्रेसची चाळीस पानं दिवाळीआधी टाइप करून, लावून द्यायची आहेत आणि इथे एक ओळ उमटेपर्यंत चहा निवतो. दसऱ्याला तर याची यथासांग पूजा केली. खोक्यावर हळदकुंकू, झेंडू, मूठभर अक्षता. त्या दिवशी बटणालाही हात लावला नाही. मुलाने, निखिलने, तीन बटणं एकदम दाबून एक तक्ता उघडून दाखवला. प्रोसेसर किती वापरात, मेमरी किती. "शंभरला टेकलं की समजायचं, कोणीतरी खातंय." कोण, ते नाही सांगितलं. घरात त्यावर बसणारी माणसं दोन. मी आणि सूनबाई, मनीषा.

मंगळ. ७
वही केली. दु. ४ ते ६ मनीषाचा ऑनलाइन गणिताचा क्लास, अकरा मुलं. ४.१० प्रो. ९९. ५.०० प्रो. १००. मे. निम्मीच. तिच्या पाठीशी उभं राहून उतरवलं. एका मुलाने विचारलं, मिस, मागे ते आजोबा कोण? "आमचे बाबा आहेत. तू उदाहरण सोडव."

गुरु. ९
पूजा आटोपून सहज तक्ता उघडला. ती स्वयंपाकघरात, कॉम्प्युटरवर कोणी नाही. प्रो. ९८.
वहीत लिहिलं नाही. शाळेत गुरुजी सांगायचे, पाहिलं ते सगळं मांडावं. पण ही वही तिच्या वेळेची आहे.

शनि. ११
जेवताना निखिलपुढे वही ठेवली. तो म्हणाला, बाबांचं काम आधी. मनीषा म्हणाली, "बाबा, मी यवतमाळला माहेरी होते तेव्हापासूनची मुलं आहेत माझी. परीक्षेपर्यंत राहू द्या."
मी म्हटलं, "तुमच्याकडे दुसऱ्याच्या चुलीवर आपलं भांडं चढवतात का?"
शांतपणेच म्हटलं. आवाज चढवणं माझ्यात नाही. ती वाढत राहिली. मला भाकरी हवी होती, ती न मागता आली.

सोम. १३
तिचा शेवटचा क्लास. मुलं दुसऱ्या बाईंना दिली, त्या दिवाळीनंतर सुरू करणार. एक मुलगी रडायला लागली. मनीषाने हसून हात हलवला, पडदा बंद केला, खुर्ची पुसून मला दिली.
तक्ता पाहिला. प्रो. १००.

गुरु. १६
तीन दिवस क्लास नाही, तरी तेच. ती मंडईत गेली तेव्हा कात्रज चौकातल्या दुरुस्तीवाल्याला बोलावलं. तीच वेळ का साधली, ते मला माहीत आहे.
खोकं उघडून त्याने आत बॅटरी मारली. "काका, याला जेवायला कोणी घातलं?"
वरच्या जाळीतून अक्षता आत पडलेल्या. चार दाणे पंख्याच्या पात्यात गच्च. पंखा बंद, म्हणून प्रोसेसर तापतो आणि तापला की मंदावतो. मग साधं कामही झेपत नाही. विचारलं, क्लासमुळे नाही ना? "क्लासचं काय ओझं? असे चार चालतील."
दाणे माझ्या हातावर ठेवून गेला. कुंकवाचे, आता काळपट. केरात टाकवेनात. तुळशीत ठेवले.
प्रो. ७.
त्या बाईंना आताच फोन गेला तर मुलं परत मिळतील. पण फोन मनीषाने करायचा. म्हणजे आधी तिला

शनि. १८
तिने विचारलं, चालतो का नीट? "सुधारला," म्हटलं. निखिल तिला म्हणाला, "बघ, क्लास बंद केल्याबरोबर."
मी जप करत होतो. माळ थांबवली नाही.

मंगळ. २१, लक्ष्मीपूजन
सगळी मांडणी तिचीच. तुळशीला पाणी घालून आली. नेहमीपेक्षा जरा वेळ लागला. पूजेचं ताट घेऊन कॉम्प्युटरपाशी गेली. हळदकुंकू लावलं, फूल ठेवलं. मग चिमटीत अक्षता घेऊन थांबली. हात बरोबर जाळीवर.
"बाबा, याला अक्षता वाहू ना?"
निखिल म्हणाला, विचारतेस काय, वाहा. तिने त्याच्याकडे पाहिलं नाही. चिमूट तशीच धरून माझ्याकडे बघत राहिली.
समईची वात आत गेली होती. ती पुढे सारायला मी वाकलो.