रविवारचे शिंपले

३ जानेवारी, सकाळी ६.१०
पीएचडीचं सातवं वर्ष. हे शेवटचं. दोन टाक्या मांडल्या, प्रत्येकीत वीस खेकडे. पाणी दोन्हीकडे स्वच्छ. 'अ'ला साध्या शिंपल्यांचं मांस, 'ब'ला कॅडमियम हा विषारी धातू मिसळलेल्या पाण्यात ठेवलेल्या शिंपल्यांचं. 'ब'च्या अंगात कॅडमियम सापडलं की ते खाण्यातूनच गेलं हे सिद्ध. रोज सातला स्वतःच्या हाताने खाऊ घालणार. बायको म्हणाली, बघू.

७ जानेवारी
सातला जमत नाही. त्या वेळी माझं चिंतन चालतं (पडून). सोमवार ते शनिवारचं खाणं ज्युनिअरकडे सोपवलं. तिला मी चष्मा म्हणतो. मुलगी कष्टाळू, पण व्हिजन नाही. रविवार मात्र माझा. तत्त्व म्हणजे तत्त्व.

१९ जानेवारी, रविवार
फ्रीझरमधल्या डब्यांची लेबलं पुसट झालीत. अ कुठला, ब कुठला? अनुभवी माणसाला रंगावरून कळतं. घातलं. मेव्हण्याकडे जेवायला जायचं होतं.

२० जानेवारी
रविवारच्या खाण्याबद्दल चष्मा काहीतरी सांगत होती. म्हटलं, लिहून दे. दिलं. वाचेन.

११ फेब्रुवारी
चष्मा दुपारची लॅबखालच्या तळघरात असते. काय करतेस म्हणून विचारलं. म्हणाली, खेकडे. माझीच नक्कल! बरं वाटलं.

४ मार्च
रिपोर्ट आले. 'अ'च्या खेकड्यांतही कॅडमियम! स्वच्छ पाणी, स्वच्छ अन्न, तरीही. एक तर मी जगावेगळा शोध लावलाय, नाहीतर हा घातपात आहे. संध्याकाळपर्यंत शोधाच्या बाजूने होतो.

५ मार्च
घातपात. डबे हाताळतं कोण? चष्मा. माझ्या गाईड मॅडमकडे लेखी तक्रार दिली. दोन पानं, 'विश्वासघात' चार वेळा. बायकोला वाचून दाखवली. म्हणाली, जरा थांब, नीट विचार कर. घरातही फितुरी.

१० मार्च
मॅडमनी बोलावलं. चष्मा आधीच बसलेली. दर सोमवारी 'अ' टाकीत उरलेलं रविवारचं उष्टं तिने बाटलीत भरून ठेवलं होतं म्हणे. सात बाटल्या. चारांत कॅडमियम.
मॅडम म्हणाल्या, रविवारी खाणं कोण घालतं?
म्हटलं, हा प्रश्नच अपमानास्पद आहे.
म्हणाल्या, असू दे. पण कोण घालतं?
मग कळलं, तळघरात तिने हाच प्रयोग पुन्हा मांडला होता. तिचे 'अ' स्वच्छ, 'ब' विषारी. मॅडमनी विषय तिच्या नावावर करून टाकला. सात वर्षं, एका वाक्यात!
चष्मा रडत म्हणाली, सर, तुम्हाला तीनदा लिहून दिलं होतं. तुमचा प्रयोग वाया जाऊ नये म्हणून तर मी खाली टाक्या लावल्या.
मी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

११ मार्च
चष्म्याशी बोलणं बंद. लॅबमध्ये सगळे तिच्या बाजूने. खेकड्यांकडे गेलो, काचेवर टिचकी मारली. सगळे मागे सरकले. तेही.

२६ ऑगस्ट
चष्म्याचा पेपर छापून आला. चुका काढायला लाल पेन घेऊन बसलो. खाल्लेलं कॅडमियम खेकडा पचनग्रंथीत साठवत जातो, वरून मात्र ठणठणीत दिसतो, असं लिहिलंय. दोनदा वाचला. पेनचं टोपणही निघालं नाही.
बायकोने विचारलं, कसा आहे?
म्हटलं, सोपा आहे.
माझा विषय काय होता, ते आज नीट कळलं.