सावित्रक्कांचा डबा

सोमवार, ता. ३ फेब्रुवारी १९३६
शनिवारच्या नोंदीत चूक आहे. 'डबा उत्तम होता व सर्व संपवला' असे लिहिले. सर्व संपवला नाही. दुधी निम्मा चिमण्यांना घातला. उत्तम हा शब्दही घाईत गेला. 'पौष्टिक' असे वाचावे.

पुन्हा चूक नको म्हणून सगळे नीट लिहिते. मी शिकवते ती शाळा अकराची. चूल फुंकत बसले तर पाठाची तयारी होत नाही. बार्शीहून निघताना आप्पांनी एकच अट घातली : जेवणाची सोय नीट पाहिजे. 'पोर वाळलेली दिसली की दुसऱ्या गाडीनं घरी.' घरी म्हणजे मंगळवेढ्याचे ते स्थळ. आमच्या घरात शिकलेली मी पहिली. परत गेले तर बहुधा शेवटचीही.

म्हणून महिन्याचा डबा लावला. डबा करणाऱ्या सुंदरम्मा स्वतः आणून देतात. ह्याच खोलीत पूर्वी राहणाऱ्या सावित्रक्का मास्तरीणबाईंनाही त्याच देत. पहिल्या दिवशी सुंदरम्मांनी विचारले, तुम्हाला काय करू? मी म्हटले, 'त्यांना द्यायचात तेच द्या, माझ्यासाठी वेगळा त्रास नको.' सभ्यपणाने म्हटले. सावित्रक्कांची बदली झाली असावी, अशी माझी समजूत होती.

काल कळले, त्यांना पोटाचा विकार होता. गेल्या मार्चात ह्याच खोलीत गेल्या. पुढे नऊ महिने खोली कोणी घेतली नाही. मला ती मागताक्षणी मिळाली ह्याचे मला फार कौतुक वाटले होते.

तर नवीन वर्षापासून मी सावित्रक्कांचे पथ्य खाते आहे. मऊ भात, मुगाचे वरण, बिनतिखटाचा दुधी, ताक. उद्या सुंदरम्मांना स्पष्ट सांगायचे की माझे पोट ठणठणीत आहे.

मंगळवार, ता. ४. सकाळी
सांगितले नाही. आज बाजारचा दिवस, त्यांना घाई होती.
दुरुस्ती : घाई नव्हती. मी जेवेपर्यंत उंबऱ्यावर बसून होत्या. डब्याच्या झाकणावर सावित्रक्कांचे नाव कोरलेले आहे, त्यावरून बोट फिरवीत म्हणाल्या, 'ह्यो डबा फळीवर पालथा पडला हुता, काशक्का. तुमी खायला लागल्यापासनं माजी चूल परत पेटल्यागत वाटतंय बघा.' ह्यावर दुधीची तक्रार कशी करावी?
शिवाय मी घास घेते तेव्हा त्या माझ्याकडे पाहत नाहीत. माझ्या डाव्या खांद्याच्या जरा मागे पाहतात.

रविवार, ता. ९
चोळ्या सैल झाल्या. हा शिंपी कापड फार सोडतो.
अंग हलके वाटते. मासिकात आले आहे की जीवनसत्त्वे नीट मिळू लागली म्हणजे असेच हलके वाटते. जिना चढताना मध्ये बसावे लागते, पण त्याबद्दल मासिकात काही नाही.
दुपारी पडले होते. भिंतीकडून कोणी विचारले, 'तिखट हाय का थोडं?' मी 'नाही हो' म्हटले. मोठ्याने म्हटले. नंतर उठून भिंत पाहिली. ओल आलेली आहे. ओलीने आवाज होतात.

गुरुवार, ता. १३
शेजारच्या रंभाबाई गिरणीतून सुटून आल्या आणि मला पाहून दारातच थांबल्या. 'मास्तरीणबाई, तुमी लई वाळला की! डबा तुमी जेवता का तुमचं भूत जेवतंय?' अशिक्षित माणसे काहीही बोलतात. मी त्यांना समतोल आहार म्हणजे काय ते समजावून सांगितले. त्यांनी ऐकून घेतले आणि भाकरी व ठेचा पुढे ठेवला. नुसती चव पाहिली.
दुरुस्ती : दीड भाकरी. त्यांच्याकडे मटण होते, तरी तवा वेगळा आहे का असे मी विचारले नाही.
दुरुस्ती : विचारले. खाऊन झाल्यावर विचारले.
खोलीवर येऊन पहिल्यांदा डब्याच्या झाकणावर पंचा टाकला. नाव दिसत होते.

सोमवार, ता. १७
आज सांगायचेच होते. पण सोमवारी, शंकराच्या वारी, एखाद्या बाईचे मन दुखवू नये. शिवरात्र झाली की सांगावे.

शनिवार, ता. २२
भगिनी मंडळात आज माझे भाषण झाले. विषय : 'नोकरी करणाऱ्या स्त्रीने महिन्याचा डबा लावावा काय?' मी 'लावावा' ही बाजू घेतली. वेळ वाचतो, डोळ्यांत धूर जात नाही, आहार मोजका व शास्त्रीय राहतो. चौथा मुद्दा शक्तीचा होता. 'आणि शक्ती' असे म्हणून मी खाली बसले.
हेडबाई म्हणतात, पडले. तोंडावर पाणी मारल्यावर मी डोळे मिटलेलेच ठेवून ठेचा मागितला म्हणे, आणि तोही कानडीत. मला कानडी येते, घरी दोन्ही भाषा आहेत, तेव्हा त्यात विशेष काही नाही. मात्र हेडबाई पांढऱ्या पडल्या. सावित्रक्का त्यांच्या हाताखाली सहा वर्षे होत्या.
हेडबाईंनी आप्पांना पत्र टाकले.

मंगळवार, ता. २५
आप्पा शुक्रवारी येतात. घाबरण्याचे कारण नाही, तीन दिवस हातात आहेत. सकाळी डबा सुंदरम्मांच्या देखत, आणि संध्याकाळी रंभाबाईंकडे तीन भाकऱ्या, ठेचा, वर तेल. शुक्रवारपर्यंत गाल वर येतील. मग आप्पा खूश, नोकरी शाबूत, आणि सुंदरम्मांना सवडीने सांगता येईल. हे आधीच सुचायला हवे होते.

गुरुवार, ता. २७
पोट बिघडले. शाळेत जाता आले नाही. एवढे दिवस बिनतिखट खाल्ल्यावर इतका ठेचा सोसला नाही.
पडल्या पडल्या सुंदरम्मांनी मऊ भात चमच्याने भरवला. तो चांगला लागला. ही नोंद मी खोडणार नाही, पण हे कोणाला सांगणारही नाही.

शुक्रवार, ता. २८
आप्पा आले तेव्हा मी अंथरुणात आणि सुंदरम्मा उशाशी. आप्पांनी माझे मनगट हातात धरले व सोडले. 'सामान बांध' म्हणाले.
मग माझा उरलेला भात खायला बसले. दाण्याच्या अडतीवर वय गेले, अन्न टाकवत नाही. पहिल्याच घासाला म्हणाले, 'ह्यात काय बी न्हाई की हो.' तेव्हा सुंदरम्मांनी सावित्रक्कांची सगळी हकिकत सांगितली. शेवटचे तीन महिने दिवसातून चार वेळा कसे भरवले तेही.
आप्पांनी उरलेला भात शितान्‌शीत संपवला. माझी आई गेली तेव्हा आप्पा बाजारात होते. मग मला म्हणाले, 'तुझ्या आईला असं कुणी भरवलं न्हाई. ही माउली हाय तवर तू हितं ऱ्हा. हिचा डबा सोडलास, की त्याच दिवशी घरी.' आणि सुंदरम्मांना हात जोडून म्हणाले, 'त्या बाईला जपलंत तसंच माज्या पोरीला जपा.' सुंदरम्मांनी डब्यावर हात ठेवून 'व्हय' म्हटले.
नोकरी राहिली. मला आनंद झाला आहे.

रविवार, ता. १ मार्च
सकाळी दारातून सुंदरम्मांची हाक आली, 'सावित्रक्का, उठा की.' मी 'ओ' म्हटले.
चूक त्यांची होती, परंतु दुरुस्त मी करायला हवी होती. मी भात खाल्ला.
जाताना उंबऱ्यावर थांबल्या. सावित्रक्कांना जाऊन सतराला वर्ष होते म्हणाल्या. 'शेवटपत्तुर तिखट मागत हुत्या बघा. थोडं, थोडं म्हणून. डॉक्टर नगं म्हणला म्हणून म्या दिलं न्हाई. तेच घशाला लागून ऱ्हायलंय माज्या. त्या दिशी समदं करती. कडक भाकरी, शेंगाची चटणी, हिरव्या मिरचीचा ठेचा. तुमी खावा. पोट भरून.'
आता टाळणे शोभत नाही. मी सावित्रक्का नव्हे, काशक्का आहे; मला विकार नाही; मला रोज तिखट लागते; आप्पांना काय कळवायचे ते मी पाहीन. हे सर्व ह्याच शब्दांत सांगायचे ठरले. दिवस व वेळही ठरली :
मंगळवार, ता. १७ मार्च. जेवण झाल्यावर.