मोठी अळंबी, बारीक अळंबी

अकोले, श्रावण १९७३

प्रिय चांगुणा,

गोठ्यामागच्या उतारावर यंदा दोन्ही अळंब्या उगवल्या, ही बातमी आधी तुला. बारीक अळंबी आषाढातच लाह्या सांडाव्यात तशी पसरली होती. मोठी काल वारुळाच्या कुशीतून वर आली, तळहाताएवढी, मध्ये टोक असलेली.

दुष्काळाच्या आधी तू पुण्याहून सुट्टीला आलीस आणि आम्हा सगळ्यांना त्या उतारावर नेलंस. बारीकच वाढून मोठी होते, असं आम्ही समजत होतो. तू विळ्याने माती उकरून दाखवलीस. मोठीचं मूळ हातभर खोल, थेट वाळवीच्या घरात गेलेलं. बारकीला तसं मूळच नाही, ती वाळवीने बाहेर आणून टाकलेल्या भुग्यावर उगवते. बहिणी आहेत पण वेगळ्या, म्हणालीस. आणि वारूळ फोडलं तर दोघीही जातील. भिंती लिंपायला वारुळाची माती नेणारे लोक हसले होते. तुझी आई हसली नव्हती.

गेल्या उन्हाळ्यात दुष्काळी कामाचा रस्ता नेमका तिथूनच आखला. खालच्या वस्तीकडची वारुळं केव्हाच गेली होती, उरलेली एवढीच. मुकादम बन्सी पहार घेऊन आला, तशी तुझी आई खडी फोडायचं सोडून वारुळापाशी जाऊन बसली. मजुरी बुडेल म्हणून मी तिला उठवायला गेलो. ती म्हणाली, "माज्या लेकीनं दावलंय, हितं दोन जाती हायेत. ह्ये फोडलं तर दोनी न्हाईत." मग तिने बायकांना तुझ्याच शब्दांत सगळं समजावलं. आधी छबूबाईने घमेलं खाली ठेवलं, मागोमाग बाकीच्यांनी. शेवटी साहेब आले आणि त्यांनी रस्त्याला जरासं वळण दिलं. संध्याकाळी घरी येताना मी तिच्या मागे चाललो होतो, आणि मान माझी ताठ होती.

आता पत्राचं कारण. देवळाली प्रवऱ्याची मंडळी बघायला येताहेत, शिक्षण सोडून निघून ये, असं आत्याने तुला कळवलंय म्हणे. मंडळी येऊन गेली. उसाचा मळा आहे, मुलगाही चांगला. पण लग्न दिवाळीच्या आत हवं, पुढचं शिक्षण नको. आई आतून आली आणि त्यांच्यासमोर उभी राहून म्हणाली, "पोरगी शिकतीया. तिचं शिकून व्हईस्तवर थांबनार असाल तर चहा घ्या. न्हाईतर बी घ्या." ते चहा घेऊन गेले. मला आधी भीती वाटली, मग फार बरं वाटलं. तेव्हा तू येऊ नकोस. मन लावून परीक्षा दे. घरात तुझ्या बाजूने आता दोघं आहेत.

तुझाच,
आबा