मूल प्रत्यक्ष पाहिले

४ फेब्रुवारी

बसमध्ये उगाचच हजेरीची आठवण झाली. कॉन्व्हेंटच्या वसतिगृहात सिस्टर रोज सकाळी हजेरी घ्यायच्या. प्रत्येक नावाला मान वर करायच्या आणि चेहरा दिसल्याशिवाय पुढचं नाव घ्यायच्या नाहीत. एकदा धाकटी अंथरुणातच लोळत राहिली, म्हणून तिच्या नावाला मीच आवाज बदलून ‘हजर’ म्हणून टाकलं. सिस्टरांनी मान वर केली, वही मिटली, जिना चढून गेल्या आणि माझ्या बहिणीला पांघरुणासकट खाली घेऊन आल्या. शिक्षा म्हणून दिवसभर दोघींत एकच पेन्सिल. आम्ही ती दातांनी मधोमध तोडली आणि खिदळत बसलो. माझा अर्धा तुकडा अजून जपून ठेवलाय.

तर आले बाई एकदाची! अठ्ठावन्नाव्या वर्षी नवी नोकरी, नवी खोली. गाव तसं नवं नाही. चौतीस वर्षांपूर्वी इथल्याच बालकल्याण कार्यालयात अकरा महिने होते, पण आता एकही भिंत ओळखू येत नाही. आणि ते अकरा महिने मी अर्जात लिहिलेले नाहीत.

खोली वरच्या मजल्यावर, स्वच्छ. लोखंडी पलंग, एक भलंमोठं कपाट, गजांची खिडकी. कडी मात्र दाराला बाहेरून, आतून काहीच नाही. मी म्हटलं, मला कोंडून ठेवायचा बेत आहे की काय. घरमालकीण खूप हसली. चाळिशीची, एकटी, बोलायला फार गोड. नव्या बाईंना माझ्याकडेच पाठवा, असं तिनं स्वतः कार्यालयात जाऊन सांगितलं होतं म्हणे. माणसं अजून चांगली आहेत.

६ फेब्रुवारी

कार्यालय तेच, रंग वेगळा. कामही तेच, तक्रार आलेल्या घरी जाऊन मूल सुखरूप आहे का ते बघायचं. माझ्या जोडीला एक गृहस्थ आहेत, सगळे त्यांना घाईभाऊ म्हणतात. सकाळी अकराला निघून साडेबाराला आठ घरं करून परत! मी पहिल्या दिवशी दोनच केली. तर म्हणाले, बाई, तुमच्या वेगानं गेलं तर मुलं मोठी होऊन त्यांची मुलं तपासायला लागतील. सगळे हसले, मीही हसले.

भेटीचा फॉर्मही तोच. शेवटचा रकाना: मूल प्रत्यक्ष पाहिले. घाईभाऊ त्यावर आधीच खुणा करून ठेवतात, म्हणजे रस्त्यात वेळ जात नाही.

९ फेब्रुवारी

आज ट्रक ड्रायव्हरच्या बायकोकडे गेले. नवरा पंधरा-पंधरा दिवस बाहेर, पदरात जुळी, आणि शेजारणीनं तक्रार केलेली. दारातच म्हणाली, झोपलीत, आत्ता कुठे डोळा लागलाय, उठवू नका. मी म्हटलं, मला बघायचंच आहे. ती चिडली. तुम्हाला लेकरं असती तर कळलं असतं, असं तोंडावर बोलली. मी आत गेले. दोघी तापानं फणफणलेल्या. औषध कुठलं द्यायचं ते हिला ठाऊक नव्हतं, आणि दवाखान्यात गेलं तर मुली काढून घेतील अशी भीती. मग माझ्याच खांद्यावर डोकं टेकून रडली. दवाखाना झाला, सोमवारपासून पाळणाघरात जागाही मिळवली. मुली घरीच राहणार, हे तिला चारदा सांगावं लागलं.

जेवताना घरमालकिणीला सगळं सांगितलं. तिनं विचारलं, झोपलेल्या मुलालाही उठवूनच बघता का हो मावशी? म्हटलं, हो तर. नेहमीच? नेहमीच, म्हटलं. तिनं मला आणखी भात वाढला.

१४ फेब्रुवारी

सुट्टी. भर दुपारी वाचत पडले होते, तर कपाटातून टक टक टक. तीनदा, थांबून पुन्हा तीनदा. उघडलं तर माझेच कपडे. सगळे काढले तर मागच्या फळीवर, गुडघ्याएवढ्या उंचीवर, नखांनी ओरखडल्यासारखं काहीतरी. दाराच्या खालच्या भागावरही तसंच, वरून रंग दिलेला.

घरमालकिणीला विचारलं. म्हणाली, लाकूड वाजतं हो, जुनं आहे.

हे मी कुठेतरी ऐकलंय. अगदी याच शब्दांत.

१७ फेब्रुवारी

जिन्यात घसरले. पायरीवर तेल कसं सांडलं, देव जाणे. घोटा टम्म सुजलाय. घरमालकिणीनं उचलून वर आणलं, पट्टी बांधली, कपभर गरम दूध दिलं. माझा फोन पडून फुटला म्हणाली, दुरुस्तीला टाकलाय, आणि कार्यालयात माझी रजाही कळवलीय. दूध कडवट होतं. दिवसभर झोपच झोप.

झोपेत कुणीतरी माझ्या चेहऱ्याकडे अगदी जवळून बघत होतं. श्वासही लागत होता गालाला. गार.

१९ फेब्रुवारी

दार उघडत नाही.

दुपारी ती ताट घेऊन आली. मी पिशवी उचलली, म्हटलं, कार्यालयात जायला हवं. तिनं पिशवीचा बंद धरला. दोनच बोटांनी, चिमटीत.

मी ओळखलं. आणि मी ओळखलं हे तिनं ओळखलं.

२० फेब्रुवारी

लिहून टाकते. आजवर कुणालाच सांगितलं नाही, धाकटीलाही नाही.

चौतीस वर्षांपूर्वीची दुपार. याच घराचं खालचं दार. आता ते बुजवून मागून वाट काढलीय, म्हणून कळलं नाही. आणि ही खोली ओळखणार तरी कशी, मी वर कधी आलेच नव्हते. आई दारात उभी होती. म्हणाली, धाकटी झोपलीय, उठवू नका. वरून टक टक टक आलं. मी वर बघितलं. ती म्हणाली, लाकूड वाजतं हो, जुनं आहे. तिच्या मागून नऊ वर्षांची थोरली पुढं आली आणि तिनं माझ्या पिशवीचा बंद धरला, दोन बोटांनी. ओढत होती. जिन्याकडे.

त्या दिवशी माझ्या धाकटीचा वाढदिवस होता. केकचं दुकान सहाला बंद व्हायचं. मी थोरलीच्या गालावर टिचकी मारली, बंद सोडवला आणि रकान्यात खूण केली.

चौथ्या दिवशी शेजाऱ्यांनी वरचं दार फोडलं. चार वर्षांची होती. कपाटात सापडली.

केक छान होता. तेव्हाही म्हणाले होते, छान आहे.

२१ फेब्रुवारी

दाराखालून कागद सरकवला. माझाच फॉर्म, कोर्टातली नक्कल. माझी सही. किती वळणदार अक्षर माझं, सिस्टरांनी घोटून घेतलेलं.

ती दारापलीकडून बोलत होती. अगदी गोड आवाजात. आईला शिक्षा झाली, ती तुरुंगातच मेली, तिचं आणि माझं फिटलं, म्हणाली. तुम्हाला मात्र निरोप समारंभ झाला, फुलं मिळाली. मी कार्यालयाच्या अंगणाच्या भिंतीवरून बघत होते. तेव्हापासून कार्यालयातल्या प्रत्येक नव्या बाईचं नाव विचारत आलेय. चौतीस वर्षं, मावशी.

मी माफी मागितली. ती म्हणाली, माझ्याकडे कशाला? जिची मागायची ती आतच आहे.

२२ फेब्रुवारी

जेवण नाही. पाणी काल संपलं.

कपाटाचं दार मी लावते. ते उघडतं. मी लावते —

२३ फेब्रुवारी

घाईभाऊ आले! खाली त्यांचा आवाज. माझी रजा संपली म्हणून कार्यालयानं चौकशीला पाठवलं असणार. देवा, त्यांना वर येऊ दे. नुसता जिना चढू दे. बारा पायऱ्या.

मी ओरडले. ओरडणारच होते — तोंडावर हात आला. इवलासा. बर्फासारखा.

मी पलंगाचा सुटा दांडा जमिनीवर आपटला. तीनदा. पुन्हा तीनदा.

खाली ती सांगत होती. झोपल्यात हो, आत्ता कुठे डोळा लागलाय. उठवू नका. ते म्हणाले, वाजतंय काय वर? ती म्हणाली —

मला माहीत होतं ती काय म्हणणार.

ते हसले. म्हणाले, झोपू द्या बाईंना, मी लिहितो भेटून आलो म्हणून. पेनाचं टोपण उघडल्याचा आवाज. मग फाटक.

पाच मिनिटंसुद्धा नाही. मला तेव्हा सात लागली होती.

२४ फेब्रुवारी

वही कपाटामागे टाकणार आहे. ज्याला सापडेल त्यानं एवढं करावं —

निब असलेलं पेन आमच्या कार्यालयाच्या साहेबीणबाईंना. सही करण्याआधी कुणी वर गेलं होतं का, ते विचारावं.

चष्मा घाईभाऊंना. जिना चढताना घालावा.

निळा स्वेटर ट्रक ड्रायव्हरच्या बायकोला. उसवून जुळ्यांसाठी दोन होतील. तिच्याकडे दर आठवड्याला कुणीतरी जा. आत जा. तिच्या मुली तिच्याजवळच राहू द्या —

जपमाळ आणि हा फॉर्म माझ्या बहिणीला. तिला सांगा, त्या दिवशीचा केक —

घरमालकिणीला काही नको. आत्ताच विचारलं. म्हणाली, माझं मला मिळालं.

पेन्सिलचा तुकडा हिला. कपाटातून बाहेर आलीय, पलंगाशी उभी आहे. फॉर्म हातात धरलाय, उलटा. वाचता येत नाही हिला, शिकायचं राहूनच —

पेन्सिल मागते आहे. बोट रकान्यावर. माझ्याकडे बघते, मान वर करून, अगदी सिस्टरांसारखी, चेहरा नीट दिसेपर्यंत — हिनं मला पाहिलंय. हिला खूण करायचीय. मी देत नाही तर माझ्या हातातून —