त्याचा पंचाहत्तर, माझा सहासष्ट

१८ एप्रिल १९९५

लीलाधर आला. न कळवता! काखेत लॅपटॉप. म्हणे, "अक्का, सहज आलो." धुळ्याहून जळगावला या उन्हात कोणी सहज येत नाही, सख्खा भाऊ तर नाहीच.

धुळ्याच्या ज्या शेठकडे तो कॉम्प्युटर विकायच्या नोकरीवर आहे, त्यानेच हा दिलाय, गिऱ्हाइकांना दाखवत फिरायला. आईने लगेच पदराने पुसला, हळदकुंकू वाहिलं. माझ्या कॉम्प्युटरवर हिशेब करून देण्याच्या दुकानातल्या मशीनला आजवर तिने साधं बोट लावलेलं नाही.

१९ एप्रिल

आज दुकानात दोन्ही मशीनची तुलना. विषय त्यानेच काढला. माझा प्रोसेसर फोर-एटी-सिक्स, त्याचाही फोर-एटी-सिक्स. पण माझा सहासष्ट मेगाहर्ट्झचा, त्याचा पंचाहत्तरचा. मी म्हटलं, आकड्यावर जाऊ नकोस बाबा. वहीएवढ्या पेटीत कोंडलेला प्रोसेसर, आत वारा खेळायला जागा नाही, डिस्क इवलीशी — टेबलावरच्या मशीनपुढे काय टिकणार?

एकच फ्लॉपी दोघांना दिली. केळीची वजनं, सभासदवार बेरजा, मग उतरत्या क्रमाने मांडणी.

त्याचं काम आधी संपलं. चांगलाच आधी! "अक्का, तुला आधीच दाखवून ठेवावं म्हटलं," म्हणाला आणि बॅग आवरून गेला. आधी म्हणजे कशाच्या आधी?

२० एप्रिल

कशाच्या ते कळलं! फैजपूरच्या केळी संस्थेच्या हिशेबाचं काम माझ्याकडून काढून घ्यायचं आणि संस्थेनेच लॅपटॉप घ्यायचा, असं त्याचा शेठ अध्यक्षांच्या गळी उतरवतोय. अध्यक्ष कौतिकनाना. सकाळी त्यांचाच फोन. "बाई, मेच्या चार तारखेले दोन्ही मशीनी इथी आना. ज्याची जोरात चालीन त्याले काम."

माझं दुकान चालतं ते याच एका कामावर. काम गेलं की दुकान बंद, आणि दुकान बंद की परत धुळ्याला, मगनरावांच्या घरात. नवरा म्हणून त्यांचे निरोप चालूच आहेत. त्या घरातून मी कशी निघाले ते लीलाधरला माहीत आहे. रिक्षा त्यानेच आणली होती. आणि आता हा!

२४ एप्रिल

आईला विचारलं, तुला हे ठाऊक होतं का? ती भाकरी थापत राहिली. म्हणजे ठाऊक होतं.

२९ एप्रिल

एक कॉम्प्युटरचं मासिक मिळालं, तेच वाचतेय. नाव तेच असलं तरी लॅपटॉपातला प्रोसेसर वेगळ्या स्वभावाचा. बॅटरीवर असला की वीज वाचवायला आपला वेग आवरता घेतो. पण लीलाधर बॅटरीवर थोडाच चालवणार! वायर घेऊन येईल. पक्का आहे तो.

३ मे

माझ्या मशीनच्या टर्बो बटणावर चिकटपट्टी लावली. ते चुकून दाबलं गेलं की वेग निम्मा. चुकून म्हणजे लीलाधरकडून.

४ मे

फैजपूर. जीपमध्ये मॉनिटर गोधडीत गुंडाळून मांडीवर घेतला. ऊन असं की डोळे उघडवत नव्हते. लीलाधर आधीच पोचलेला, नानांशी हसून बोलत होता. वायर आणलीच होती!

नानांनी लॅपटॉप हातावर तोलून पाहिला. "काबं, एवढुसा हाये हा! याच्यात कामाचं काही हाये का नुसतं झाकनच?" सगळी कमिटी हसली. लीलाधरही हसला. मला हसू येईना.

दोघांनी एकदम सुरू केलं.  आणि माझं आधी संपलं! लॅपटॉप अजून बेरजाच करतोय. लीलाधर शांत बसलेला. एवढा शांत का?

नानांचं समाधान नाही. म्हणाले, "तराजू पारखाचा तं पारडं बदलून पाह्यतो ना आपुन? मंग तुम्ही जागा बदला." केळीच्या काट्यावर जन्म गेलेला माणूस! काट्यात खोट असली की पारडं बदलल्यावर दिसते, तशीच मशीनची दिसेल असा त्यांचा हिशेब. मला धडकी भरली. आता हा माझ्या मशीनवर बसणार, काहीतरी करणार. मी लॅपटॉपसमोर बसले, पण डोळे त्याच्या बोटांवर. चिकटपट्टीला त्याने हातही लावला नाही. स्वतःचं मशीन असावं तसा भराभर चालवत होता.

पुन्हा माझंच मशीन पुढे. लॅपटॉप माझ्या हाताखालीही रखडत होता.

"काम बाईचं," नाना म्हणाले. "लीलाधर, तुह्या शेठले सांग, हा खेळना घरी ठेव म्हना."

लीलाधर एवढंच म्हणाला, "उन्हाने तापला असेल."

५ मे

जिंकले. पण झोप नाही. माझ्या दुकानात जो वाऱ्यासारखा धावला तो फैजपुरात बैलगाडी कसा झाला? ऊन म्हणे! ऊन तर माझ्या मशीनलाही होतं. मला वाटतं, इथे दाखवला तो लॅपटॉप वेगळा होता. मला घाबरवून आधीच माघार घ्यायला लावायची, हा डाव. मी घाबरले नाही, म्हणून फसला.

९ मे

शेठने लीलाधरला नोकरीवरून काढलं. आई मुसमुसतेय. "तुह्यापायी झालं," असं म्हणाली नाही, पण वाढताना ताट आपटलं.

मला वाईट वाटलं. खोटं कशाला लिहू, थोडं बरंही वाटलं.

११ मे

लीलाधर आला. उद्या लॅपटॉप धुळ्याला शेठच्या ताब्यात द्यायचा, मग मोकळा. जेवताना दुकानाबद्दल विचारत होता — प्रिंटर कसा चालतो, फैजपूरशिवाय दुसरं काम मिळतं का. आलं लक्षात! नोकरी गेली, आता माझ्या दुकानात भागीदारी. मी म्हटलं, एकटीचं कसंबसं भागतं. तो "हो ना" म्हणाला आणि पाणी प्यायला.

आई: "त्याले सुखानं जेवू तं दे."

१२ मे

जेवून लीलाधर आत झोपला. मी त्याचा लॅपटॉप उघडला. हा दुसरा आहे याची खूण मला हवी होती. मशीन तेच. झाकणाच्या फटीत आईचं कुंकू अजून आहे. सुरू होताना सेटिंगचा पडदा उघडला. त्यात प्रोसेसरच्या वेगाची एक ओळ आहे. ती 'कमी'वर होती. वायर लावा, बॅटरीवर ठेवा, कुणीही बसा — तो हळूच चालणार.

'जास्त' केलं. तीच फ्लॉपी घातली. माझ्या मशीनच्या चांगलंच आधी संपलं.

या मशीनला त्याच्याशिवाय कुणी हात लावत नाही.

धुळ्याची गाडी पाचला आहे. आईने त्याला उठवायला सांगितलंय. मघापासून मी वही घेऊन दारात उभी आहे, हाक मारायला तोंड उघडत नाही.