उबेची जागा

लिंबखेडा, १८ डिसेंबर १९४५

पोहोचले एकदाची! मनमाडला गाडी बदलून परतूरला उतरले तेव्हा पातळाचा मूळ रंग धुळीखाली शोधावा लागत होता, पण मन असं हलकं होतं की स्टेशनवरच्या हमालालाही मी न विचारता सांगून टाकलं, मी लिंबखेड्याच्या मुलींच्या शाळेवर शिक्षिका म्हणून चालले आहे. त्याने माझी ट्रंक उचलून पाहिली आणि सगळी पुस्तकंच हायेत का, असं विचारलं.

पुढे बैलगाडी. दोन्ही बाजूंना पोटरीत आलेला शाळू, आणि भेगा पडलेली काळी जमीन. थंडी कोरडी, छान.

शाळा म्हणजे गावाच्या कडेला पांढऱ्या मातीच्या टेकाडाला टेकून बांधलेली एक लांबट खोली, वर पत्रे. जागा आणि बांधकाम दोन्ही काकासाहेबांचं. ते इथले मोठे जमीनदार. उर्दू कारभाराच्या या राज्यात खासगी मराठी शाळेला परवानगी मिळणं किती कठीण. यांनी कचेऱ्यांत खेटे घालून ती आणली, तीही मुलींसाठी. आमच्या नाशिकच्या घरी तांब्याची भांडी घडतात, पदवी घेतलेली मी पहिलीच. निघताना आई म्हणाली होती की माणसं फार गोड वागली तर जरा सांभाळून राहा. तिला कळवायला हवं की जगात काकासाहेबही असतात.

माझी खोली त्यांच्याच घरामागे. त्यांच्या पत्नी दुर्गाबाई यांनी गरम भाकरी वाढली आणि एवढं शिकून नवरा मिळतो का, असं विचारलं. मी म्हटलं, शोधलेला नाही. त्यावर त्या हसत सुटल्या. "मंग काय, आमच्याच गळ्यात पडलात म्हना की बाई!"

२१ डिसेंबर

मुली गोड आणि बेशिस्त आहेत. सगळ्यांत पुढे जन्नतबी, पिंजारी ख्वाजामियाँची लेक. घरी उर्दू, माझ्याशी मराठी, आणि भांडायला दोन्ही.

झाडलोट आणि सारवणाला सगुणाबाई येतात. बारीक, अबोल बाई. कपाळावर ठसठशीत कुंकू. नवरा कडूबा काकासाहेबांकडे सालगडी होता, गेल्या हिवाळ्यात न सांगता कुठेतरी निघून गेला, असं दुर्गाबाई म्हणाल्या आणि लगेच लोणच्याचा विषय काढला.

आज काकासाहेबांनी मला अंगणातलं पेव दाखवलं. मी शहरातली, धान्य असं जमिनीत ठेवतात हे मला नवलच. तोंड हातभर, आत घागरीसारखी फुगत गेलेली खोल विहीर. चहूबाजूंनी कडबा, मध्ये ज्वारी, तोंडावर फरशी आणि वरून लिंपण. उघडल्यावर लगेच कुणी उतरत नाही. आधी दिवा सोडतात. दिवा विझला तर माणूसही विझतो, असं ते म्हणाले. लढाईपासून सरकार सक्तीच्या लेव्हीत धान्य उचलून नेतं, त्यामुळे हे एवढंच पेव उरलं आहे, हेही म्हणाले. मी काही विचारलं नव्हतं.

२४ डिसेंबर

मुलींनी मला आज एक शास्त्र शिकवलं!

शाळेमागच्या टेकाडाचा उतार ही त्यांची घसरगुंडी. ताडपत्रीच्या तुकड्यावर बसायचं आणि सुटायचं. पण रोज नाही. कडक थंडी आणि वर दव असेल तेव्हा माती काचेसारखी होते, तो उत्तम दिवस. ऊन चढलं की वरचा थर सैल पडतो आणि ताडपत्री अडते. हिवाळ्यात पाऊस आला तर सगळं बिघडतं: वर खपली धरते, खाली लगदा राहतो, पाय आत जातो. हे सगळं जन्नतबीने कमरेवर हात ठेवून सांगितलं. निसर्गाभ्यास आणखी कुठे शोधायचा? मी भिंतीवर हवामानाचा तक्ता सुरू केला, रोज दव, ऊन, उतार यांची नोंद. आणि हो, मीही एकदा घसरले. पातळ फाटलं.

२७ डिसेंबर

काकासाहेब आज शाळेत आले आणि उतार पाहून एकदम पांढरे पडले. मुलींच्या घसरण्याने मातीचं वरचं कातडंच निघालं आहे. ते माझ्याशी नाही, सगुणाबाईंशी बोलले, तेही हळू. मग मला म्हणाले की हा खेळ आजपासून बंद, पोरींचे हातपाय मोडतील. बरोबर आहे. पण हातपाय मोडायची काळजी वाटणारा माणूस उताराकडे पाहील की मुलींकडे?

सगुणाबाईंनी दुपारभर उतार लिंपला. ओला लेप वाळलाच नाही. हवा फिरली आहे. थंडी पळाली, पूर्वेकडून ढग.

३० डिसेंबर

काल आणि आज पाऊस. ऐन हिवाळ्यात! गहू आडवा झाला. सगुणाबाईंचा लेप वाहून गेला. उतारावरून पाणी खाली येत नाही, हे विचित्र. उतारावर पडतं आणि कुठेतरी जातं.

३ जानेवारी १९४६

पाऊस थांबला, थंडी परतली. शाळेतली जमीन गार दगड झाली आहे, फक्त मागच्या भिंतीजवळची एक जागा सोडून. तिथे ऊब आहे. हात ठेवला की चुलीजवळच्या भिंतीसारखी लागते. मुली त्या जागेसाठी भांडतात. शेवटी पाळी लावली.

मी काकासाहेबांना सांगितलं. ते म्हणाले की पत्र्यावर ऊन पडतं. ऊन त्या बाजूला येतच नाही. मी तसं म्हटलं, तेव्हा ते हसले आणि शिकलेल्या बायांना ऊनसुद्धा विचारून पडतं, असं म्हणाले. दुर्गाबाई हसल्या नाहीत.

५ जानेवारी

उबेच्या जागेवर बसलेल्या मुली पेंगतात. आधी वाटलं, सुख. पण आज जन्नतबी पाढे म्हणता म्हणता कलंडली, ओठ निळसर. उचलून बाहेर नेलं तेव्हा शुद्धीवर आली, ओकली. माझंही डोकं सकाळपासून जड आहे. खोलीत आंबूस वास, शिळ्या अंबिलीसारखा.

ख्वाजामियाँ मुलीला न्यायला आले. त्यांनी जमीन पाहिली, वास घेतला, आणि माझ्याकडे न पाहता बिलकुल पाठवणार नाही म्हणाले. कारण विचारलं तर लेकीला खांद्यावर टाकून चालू लागले. त्यांना काकासाहेबांच्याच गावात राहायचं आहे.

७ जानेवारी

मुलींना अंगणात बसवते. काकासाहेबांना ते पसंत नाही. गिरदावर, म्हणजे महसूल खात्याचा तपासनीस, लेव्हीच्या तपासणीला येतो आहे, त्या दिवशी मुली आत, आपापल्या जागी हव्यात, म्हणाले. लेव्हीचा शाळेशी संबंध काय? ते म्हणाले की बायकांच्या जागेत सरकारी माणूस शिरत नाही.

रात्रभर हे वाक्य मनात होतं. त्यांनी शाळा का काढली हे—नको. आधी खात्री.

८ जानेवारी

मुली यायच्या आत गेले. उबेच्या जागी सारवणाला तडा गेला आहे. पणती लावून तड्याजवळ ठेवली. विझली. पुन्हा लावली. विझली. वारा नव्हता.

खाली, थेट टेकाडाच्या पोटापर्यंत, पेव आहे. भरलेलं. भिजलेलं. आणि त्यावर मी मुलींना पाळीने बसवत होते.

मागे वळले तर दारात सगुणाबाई.

त्यांनी मला हाताला धरून बाहेर आणलं आणि सगळं सांगितलं. गेल्या पौषात रास लपवायची होती. कडूबा आत उतरून ज्वारी सारखी करत होता. गिरदावराचा घोडा वेशीत आला. काकासाहेब ओरडले, झाका. अंधारात कडूबा वर आलाच असेल असं सगळ्यांनी धरलं. फरशी सरकली, लिंपण झालं. लिंपणारा हात सगुणाबाईंचा. गिरदावराने तंबू तिथेच ठोकला, टेकाडाची सावली बरी म्हणून. मुक्काम लांबला. "मी त्यायच्यासाठी चहा करून राह्यले हुते, बाई. खालून वाजत हुतं. मला वाटलं, तंबूची मेख ठोकून राह्यलेत."

पुढे काकासाहेबांनी त्याच जागेवर शाळा बांधली. ते सगुणाबाईंना आजही सांगतात की कडूबा पळून गेला. त्याही मान डोलावतात. कुंकू पुसलेलं नाही.

ऊब आली म्हणजे तो उठून बसला, असं त्या मग म्हणाल्या. वर्षभर गार होता. आता अंग तापलं त्याचं.

मी समजावलं: पाणी गेलं, धान्य कुजलं, कुजताना तापतं. त्यांनी ऐकून घेतलं. मग विचारलं, धान्य कूस बदलतं का?

९ जानेवारी

काकासाहेबांना तोंडावर सांगितलं. त्यांनी नाकारलं नाही. शांतपणे म्हणाले, बोला गिरदावराला. मंग शाळा न्हाई, परवानगी न्हाई, या गावातल्या पोरींना पाटी न्हाई. तुम्ही नाशिकला जाल. पोरी कुठं जातील?

दुर्गाबाईंनी आज जेवण दारात ठेवलं. आत आल्या नाहीत.

वाटलं, वास जाईपर्यंत अंगणातच शिकवावं. गप्प बसावं. एकच माणूस, आणि तो तर—

हे मी लिहिलं? मी?

१० जानेवारी

पुन्हा उकाडा, पुन्हा पाऊस. शाळेची मागची भिंत खचते आहे. उतारावर खपली धरली आहे, खाली पोकळ. काठी टोचली, पूर्ण आत गेली. गरम वाफ.

काठी ओढताना जड लागली. कुणी—

चिखल होता. चिखलच.

११ जानेवारी, सकाळ

गिरदावर वेशीत. काकासाहेबांनी मुली आत बसवायला माणूस पाठवला. मी सगळ्यांना घरी पिटाळलं. आज सुट्टी, पळा, मागे पाहू नका. गेल्या.

काकासाहेब स्वतः आले. पोरी नाहीत तर तुम्ही बसा, म्हणाले. एक बाई आत असली तरी पुरे.

बसले आहे. दाराशी, उबेपासून जितकी दूर जमेल तितकी. वही मांडीवर. त्यांना वाटतं, मी धडा काढते आहे. गिरदावर दाराशी आला की मी हाक मारून आत बोलावणार. ठरलं. शाळा जाईल. पोरींना मी झाडाखाली शिकवीन, परवानगीशिवाय, मला धरून नेईपर्यंत.

सगुणाबाई अंगणात उभ्या. त्यांना आत येऊ नका म्हणून बजावलं आहे.

घोडा थांबला. काकासाहेबांचं हसणं. आता—

जमीन वर आली. खाली गेली. श्वासासारखी. डोकं फार जड. हे वायूमुळे, लिहून ठेवते, वायूमुळे—

हाक मारायला तोंड उघडलं. माझ्या आधीच कुणीतरी मारली. खालून. अगदी घरच्यासारखी—सगुणे, झालं का लिंपून?

बाहेर सगुणाबाईंनी ओ दिली.

तडा रुंदावतो आहे. सगुणाबाई धावत आत—उबेकडे—वही टाकते, त्यांना धरायला ह